बॅटरीच्या जागेचा करार : भाड्याआधी शेवटचे पान वाचा

गेल्या वर्षी कांद्याची काढणी चालू असताना मालेगावच्या आमच्या दुकानात एक गृहस्थ आले. हातात चामडी बॅग, बोलणे गोड. बाहेरगावचे गिऱ्हाईक असावे असे समजून आम्ही पोऱ्याला पॉपलिनचे तागे काढायला सांगितले. गृहस्थ हसून म्हणाले, “सेठ, कापड नको. सब-स्टेशनच्या कुंपणाला लागून तुमची सात एकर जमीन आहे ना, ती भाड्याने हवी. तिथे बॅटरी बसवायची आहे.”

बॅटरी म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे मोटारीची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी येते. तिला एकरांनी जमीन कशाला लागावी? गृहस्थांनी बॅगेतून चाळीस पानांचा इकरारनामा काढला. एकरी साठ हजार रुपये वार्षिक भाडे, मुदत २९ वर्षे, आणि सही करताच पंचवीस हजारांचा धनादेश. सात एकरांचे वर्षाला चार लाख वीस हजार होतात. त्या जमिनीत आज कांदा, मका आणि बाजरी होते. वाटेकऱ्याचा अर्धा वाटा वजा जाता चांगल्या वर्षी आमच्या हाती दीड लाख लागतात आणि वाईट वर्षी नुसता हिशेब लागतो. मोह कोणाला होणार नाही?

पण बेपारात पस्तीस वर्षे घालवल्यावर एक सवय लागते. समोरचा स्वतःहून जास्त दाम देऊ लागला की ताग्याची घडी उलगडून आतले कापड बघायचे. आम्ही तेच केले. जे दिसले ते व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवतो. आपल्यापैकी पुष्कळांची गावाकडे थोडीफार जमीन आहे आणि असे गृहस्थ उद्या त्यांच्याही दुकानात येणार आहेत.

विजेची वखार

कापडाच्या धंद्यात वखारीचे महत्त्व सांगायला नको. ईद, लग्नसराई आणि दिवाळीला माल उठतो. तो स्वस्त मिळतो तेव्हा भरून ठेवावा लागतो. विजेला मात्र अशी वखार जवळजवळ नव्हतीच. मोठ्या प्रमाणावर वीज साठवायची तर घाटघरच्या प्रकल्पाप्रमाणे खालचे पाणी पंपाने वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी ते खाली सोडून जनित्रे फिरवायची, हाच मार्ग होता. त्याला डोंगर लागतो आणि दोन धरणे लागतात.

आता सौरऊर्जा वाढली आहे. दुपारी वीज उदंड आणि स्वस्त असते. सूर्य मावळला की मागणी चढते आणि वीज महाग होते. २०२३ साली केंद्र सरकारने ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार दहा किलोवॅटच्या वर मागणी असलेल्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी वेळेनुसार वेगळा दर १ एप्रिल २०२४ पासून लागू करायचा होता. उन्हाच्या तासांत किमान २० टक्के कमी आणि गर्दीच्या तासांत किमान २० टक्के जास्त, असे त्याचे सूत्र आहे. दिवसाची स्वस्त वीज भरून ठेवून संध्याकाळी द्यायची, हे या बॅटरीचे काम. शंभर युनिट भरले तर सुमारे पंच्याऐंशी परत मिळतात, बाकीची घट.

दिसायला ही बॅटरी बंदरावरच्या कंटेनरसारखी असते. हल्ली २० फुटी एका कंटेनरमध्ये सुमारे ५ मेगावॅट-तास, म्हणजे पाच हजार युनिट वीज मावते. आमच्या जागेवर ५० मेगावॅटची, दोन तास चालणारी बॅटरी येणार होती. म्हणजे एक लाख युनिट आणि सुमारे वीस कंटेनर. मागाची मोटर एक अश्वशक्तीची, म्हणजे पाऊण किलोवॅटची धरली तर एवढ्या विजेवर साठ हजारांहून अधिक माग दोन तास चालतील. संध्याकाळच्या पाळीत वीज गेली की बीम तसाच राहतो, मजूर बसून राहतो आणि मालक तारीख चुकवतो, हे ज्याने भोगले आहे त्याला या वखारीचे मोल कळेल. म्हणून या कामाला आमचा विरोध नाही. ही गोष्ट देशाच्या आणि आपल्या धंद्याच्याही हिताची आहे.

जगात हा प्रकार २०१७ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या हॉर्न्सडेल येथील १०० मेगावॅटच्या बॅटरीने गाजला. आपल्याकडे दिल्लीत रोहिणी येथे २०१९ मध्ये १० मेगावॅटची बॅटरी बसली. छत्तीसगडमध्ये राजनांदगावला सौर प्रकल्पाला जोडून ४० मेगावॅटची बॅटरी २०२४ मध्ये सुरू झाली, तर दिल्लीतच किलोकरी येथे २० मेगावॅटची २०२५ मध्ये. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये ४,००० मेगावॅट-तासांच्या बॅटऱ्यांसाठी भांडवलाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत मंजूर केली. २०२५ मध्ये आणखी ३० हजार मेगावॅट-तासांसाठी ५,४०० कोटींची योजना जाहीर झाली. म्हणजे मागणी खरी आहे, थाप नाही. पण मागणी खरी असली की तिच्या आडून थापाही चालतात.

“सरकारी योजना आहे”

त्या गृहस्थांचे पहिले वाक्य हेच होते. आम्ही चौकशी केली तेव्हा समजले की सरकारी वीज कंपन्यांच्या बॅटरीच्या निविदांत जागा बहुधा कंपनीच आपल्या उपकेंद्राच्या आवारात देते. शेतकऱ्याची जमीन लागते ती खासगी कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर प्रकल्प करते तेव्हा, किंवा सौर प्रकल्पाला बॅटरी जोडायची असते तेव्हा.

महाराष्ट्रात शेतजमीन भाड्याने घेण्याची जी सरकारी योजना सर्वांना माहीत आहे ती मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. २०२३ मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी सव्वा लाख, म्हणजे एकरी सुमारे पन्नास हजार रुपये वार्षिक भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठरली. ती योजना सौर पॅनेलची आहे. एक मेगावॅट सौर प्रकल्पाला चार-पाच एकर लागतात, बॅटरीला त्या मानाने अगदी थोडी जागा पुरते. तेव्हा कोणी सौर योजनेचा दर दाखवून “सरकारी भावापेक्षा जास्त देतो” म्हणाला, तर तो मांजरपाटाचा भाव सांगून मलमल मागतो आहे असे समजावे.

विचारायचे ते असे : निविदा कोणाची, तुम्हाला मिळाल्याचे पत्र कुठे आहे, आणि उपकेंद्राला जोडणीची मंजुरी आली आहे का? आणि कोणी नोंदणी फी, तपासणी फी म्हणून तुमच्याकडूनच पैसे मागितले तर त्याला दुकानाची पायरी दाखवावी. मोबाइल टॉवरच्या नावाने असेच पैसे उकळले गेले होते, ते विसरू नये.

पंचवीस हजारांत पाच वर्षे

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी बाजारात शिकलो आणि इंग्रजी बिलापुरते. इकरारनामा सगळा इंग्रजीत होता. आमची भाची वकिली शिकते, तिला तो वाचायला बसवले. दुसऱ्याच दिवशी तिने फोन केला, “मामू, हा भाड्याचा करार नाहीच. पहिली पाच वर्षे तुम्ही बांधलेले आहात, ते नाहीत.”

याला ऑप्शन म्हणतात. कंपनी थोडी रक्कम देऊन जमीन पाच वर्षे अडवून ठेवते. जोडणी मिळाली आणि निविदा मिळाली तर भाडे सुरू, नाही तर राम राम. त्या पाच वर्षांत आपण जमीन विकायची नाही, दुसऱ्याला द्यायची नाही, विहीरही खोदायची नाही. सात एकर पाच वर्षे अडवण्याचे पंचवीस हजार! एवढ्यात आमच्या गल्लीतला एक गाळा दोन महिनेही अडवता येत नाही.

हा धंदा विलायतेत आपल्या आधी सुरू झाला, म्हणून तिथे काय झाले ते पाहणे उपयोगाचे आहे. तिथे शेतकऱ्यांकडून असे ऑप्शन घेण्याची रीत रूढ आहे. यॉर्कशायरमध्ये हल शहराजवळ २०२२ च्या अखेरीस ९८ मेगावॅटची मोठी बॅटरी उभी राहिलीही. पण कागद इतके झाले की वीजजोडणीसाठी रांगेतल्या प्रकल्पांची बेरीज ७०० गिगावॅटच्या वर गेली. देशाच्या गरजेच्या ती कितीतरी पट होती. शेवटी २०२५ मध्ये रांग नव्याने लावावी लागली आणि ढिगाने प्रकल्प मागे पडले. ज्यांनी वर्षानुवर्षे जमीन अडवून ठेवली त्यांच्यापैकी पुष्कळांच्या हाती फक्त सहीचा कागद राहिला. सौदा झाला म्हणजे माल उठला असे नव्हे, हे आपल्याला शिकवायला नको.

तेव्हा ऑप्शन द्यायचाच तर मुदत दीड-दोन वर्षांची असावी, त्या काळाचे पैसे दरवर्षी मिळावेत आणि पीक घेण्याचा हक्क आपल्याकडे राहावा.

पार्टीची पत आणि भाड्याचा हिशेब

उधार माल देताना आपण पार्टीची पत बघतो. इथे तर जमीन २९ वर्षे उधार द्यायची आहे. इकरारनाम्यावर नाव होते एका नव्या कंपनीचे, जिचे भांडवल एक लाख रुपये. मोठी कंपनी प्रत्येक प्रकल्पासाठी अशी छोटी कंपनी काढते. कायद्याने त्यात गैर काही नाही, पण उद्या भाडे थकले तर दावा त्या एक लाखाच्या कंपनीवरच लावावा लागेल. मूळ कंपनीची हमी कागदावर हवी. कंपनी आपला भाडेहक्क बँकेकडे गहाण ठेवील आणि तो पुढे विकीलही, म्हणून आपल्या मालकीवर कर्जाचा बोजा चढणार नाही हे स्पष्ट लिहून घ्यावे.

आता भाव. २०२२ मध्ये केंद्राच्या एका मोठ्या निविदेत बॅटरीचे भाडे मेगावॅटला महिना १० लाख ८४ हजार रुपये ठरले होते. २०२४ च्या अखेरीस हाच भाव सव्वादोन लाखांच्या घरात आला. सव्वादोन नव्हे, दोन लाखच धरले तरी ५० मेगावॅटचे वर्षाला बारा कोटी होतात. त्यातून बॅटरीचे कर्ज, विमा आणि देखभाल निघायची हे खरे. पण त्या बारा कोटींपुढे आमचे चार लाख वीस हजार म्हणजे बिर्याणीच्या देगेतले मीठ. विलायतेत बॅटरीच्या जागेचे भाडे पुष्कळदा एकरावर न ठरता मेगावॅटवर ठरते, ते याचमुळे. भाव वाढवून मागायला जागा आहे, हा एक अर्थ. दुसरा अर्थ असा की भाव इतके कोसळताना ज्यांनी फार कमी दराने निविदा घेतल्या त्यांच्यापैकी काही जण मध्येच हात वर करतील. बाजार पडताना खालच्या भावात सौदे घेणाऱ्यांचे काय होते ते आपण सुताच्या बाजारात पाहिले आहे.

वाढीचा दरही तपासावा. दरवर्षी ३ टक्के, चक्रवाढीने धरले तरी पंचविसाव्या वर्षी भाडे जेमतेम दुप्पट होते. २००० साली दहा ग्रॅम सोने साडेचार हजारांच्या आसपास होते, २०२५ मध्ये ते लाखाच्या पुढे गेले. दर पाच वर्षांनी भाडे नव्याने ठरेल हे कलम म्हणूनच हवे.

मुदत २९ वर्षेच का, हेही सांगतो. महाराष्ट्रात भाडेपट्ट्यावरचे मुद्रांक शुल्क मुदतीप्रमाणे चढते. १० ते २९ वर्षांच्या पट्ट्याला जमिनीच्या किमतीच्या ५० टक्क्यांवर आकारणी होते, २९ च्या पुढे ९० टक्क्यांवर. हे शुल्क कंपनीने भरायचे, असे लिहून घ्यावे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदवावाच लागतो. आणि बिगरशेतकऱ्याला शेतजमीन भाड्याने देण्यावर कूळ कायद्याच्या कलम ६३ चे बंधन आहे, औद्योगिक वापरासाठी वेगळी तरतूद आहे. कंपनीचा वकील “सगळे होऊन जाईल” म्हणाला तरी आपला वकील वेगळा करावा. तसेच हे भाडे शेतीचे उत्पन्न धरले जात नाही, त्यावर आयकर लागतो.

शेवटचे पान

भाड्याचे पान सगळे वाचतात. आम्हालाही तेच पान आधी दाखवले गेले. पण आमचा जीव अडकला तो शेवटच्या पानात.

अशा निविदांतले वीज कंपनीशी होणारे करार साधारण १२ ते १५ वर्षांचे असतात. बॅटरीचे आयुष्यही तेवढेच. जमिनीचा पट्टा २९ वर्षांचा. मग मधल्या काळात मेलेल्या बॅटऱ्या कोण उचलणार? २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादक आणि आयातदारांवर त्या परत घेण्याची जबाबदारी टाकली आहे. पण कंपनीच बुडाली तर कंटेनर आपल्या शेतात, काँक्रीटचे चौथरे आपल्या शेतात आणि चकरा आपल्या. आमच्या इकरारनाम्यात याबद्दल एकच ओळ होती : कंपनी “योग्य प्रयत्न” करून जागा मोकळी करील. योग्य प्रयत्न म्हणजे काय, ते उधारी वसूल करणाऱ्याला विचारा.

आगीचाही विचार केला पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात मॉस लँडिंग येथील ३०० मेगावॅटच्या बॅटरीला आग लागली आणि हजाराहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. नंतर जवळच्या खाजणातल्या मातीत निकेल, मँगनीज आणि कोबाल्टचे प्रमाण वाढल्याचे तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले. ती बॅटरी जुन्या इमारतीत दाटीने ठेवलेली होती आणि वेगळ्या रसायनाची होती. आता उघड्यावर, अंतर सोडून कंटेनर ठेवतात आणि लोह-फॉस्फेटची बॅटरी वापरतात, ती कमी पेटते. घाबरून जाण्याचे कारण नाही. पण विमा कोणाचा, आग विझवलेले पाणी कुठे जाणार आणि विहीर किती अंतरावर, हे विचारण्याचे कारण नक्कीच आहे.

ज्यांना कोणी विचारले नव्हते

आम्ही तीन भाऊ आणि दोन बहिणी. सातबाऱ्यावर पाचही नावे आहेत. दलाल मात्र म्हणाले, “तुम्ही भावांनी सही करा, बहिणींचे हक्कसोड नंतर करून घेऊ.” आमच्या मोठ्या आपा धुळ्याला असतात. फोनवर सांगण्याऐवजी आम्ही जाऊन इकरारनामा त्यांच्यापुढे ठेवला. शरीअतने दिलेला आणि सातबाऱ्यावर लिहिलेला वाटा गोड बोलून सोडवून घेणे आपल्याकडे फार झाले आहे. भाडे आले तर बहिणींच्या वाट्याचे त्यांच्या खात्यात थेट जाईल, असे आम्ही ठरवले. आपांनी सगळे ऐकून एवढेच विचारले, “आपल्यानंतर ते डबे मुलांनी कुठे टाकायचे?” चाळीस पानांत या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

दुसरे गृहस्थ म्हणजे आमचे वाटेकरी आबा. त्यांचे वडीलही याच शेतात राबले. आम्ही बॅटरीची गोष्ट काढली तेव्हा त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “शेठ, जमीन तुमची, मी काय बोलू? पण बहात्तरच्या दुष्काळात ही विहीर माझ्या बापानं आन् तुमच्या वालिदसाहेबांनी संगं खांदली. पाणी अजून आटलं नाही.”

खरे सांगायचे तर आमच्या घरात कूळ कायद्याचे नाव कडवट तोंडाने घेतले जाई. आमच्या आजोबांनी बटाईने दिलेली जमीन १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याची झाली. लहानपणी आम्हाला तो अन्याय वाटे. त्या दिवशी आबांच्या समोर बसल्यावर कसणाऱ्याची बाजू प्रथमच नीट दिसली. भाडे मालकाला मिळते आणि कसणाऱ्याचे हात रिकामे होतात. उद्या गावोगाव असे पट्टे झाले तर हे हात मालेगावच्या मागांवर येतील, आणि तिथे आधीच किती हात काम शोधत आहेत ते आपण रोज पाहतो.

आज मामला कुठे आहे

पंचवीस हजारांचा धनादेश आम्ही परत केला आणि आपल्या अटी लिहून दिल्या. वीस कंटेनरना सात एकर लागत नाहीत. उपकेंद्राच्या बाजूचे साडेतीन एकर घ्या; विहीर आणि खालची साडेतीन एकर आबांकडेच राहील. हे कंपनीने मान्य केले. करार मराठीत आणि ऑप्शन दोन वर्षांचा, तेही मान्य झाले. भाडे घासाघीस करून एकरी ऐंशी हजारांवर आले.

अडले आहे ते शेवटच्या पानावर. जागा मोकळी करून जमीन पूर्ववत करण्याच्या खर्चाची बँक गॅरंटी पहिल्या दिवसापासून आमच्या नावे ठेवा, असे आम्ही म्हणतो. कंपनी म्हणते, पंधराव्या वर्षापासून ठेवू. विलायतेत अशी ठेव शेतकरी मागतात आणि त्यांना ती मिळते, म्हणून आमची मागणी जगावेगळी नाही. गृहस्थांचा परवा पुन्हा फोन आला : “सेठ, शेजारच्या गटाचे मालक तयार आहेत.” आम्ही म्हणालो, “त्यांनाही शेवटचे पान वाचून दाखवा.”

कदाचित हा सौदा आमच्या हातून जाईल. गेला तर चांगल्या वर्षी दीड लाख आहेतच. झाला तर बहिणींचा वाटा त्यांना पोचेल आणि आबांची विहीर चालू राहील. बांधवांना आमचे सांगणे इतकेच की घाईने सही करू नये. आणि ज्यांचे नाव सातबाऱ्यावर आहे आणि ज्यांचा घाम त्या मातीत आहे, त्या सर्वांना आधी एका चटईवर बसवावे. शेजारच्या गटाच्या मालकांना आम्ही या जुम्याला नमाजनंतर चहाला बोलावले आहे. दोघांनी मिळून गॅरंटी मागितली तर कंपनीला तिसरा गट उपकेंद्राच्या कुंपणाला लागून मिळणार नाही.